ऑपरेशन झालं, मग पुन्हा नळी कशाला?

पाड्यावरून येणाऱ्या पेशंटला मी फोनवर आधी एकच गोष्ट सांगते, वसईजवळच्या नायगाव स्टेशनावर उतरू नका. आमचं नायगाव दादर पूर्वेचं. परळचं टाटा हॉस्पिटल इथून चालत जाण्याइतकं जवळ आहे.

तलासरीकडच्या एका काकांचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. वर्षाने कोलोनोस्कोपीची तारीख मिळाली, ती नेमकी आवणीत. काका म्हणाले, "ताई, जखम भरली, पोट दुखत नाही. परत नळी कशाला?" त्यांच्या घरच्यांचं म्हणणं आणखी वेगळं. देवाने बरं केलं, आता तपासणी म्हणजे अविश्वास! मी धर्मशिक्षण घेतलेली बाई आहे, प्रार्थना मीही करते. पण तारीख चुकवा असं देवाने कुठे सांगितलं आहे?

काकांचा प्रश्न मात्र रास्त होता. ऑपरेशनमध्ये आतड्याचा रोगट भाग काढून उरलेली टोकं जोडतात. त्या जोडाजवळ रोग पुन्हा उगवू शकतो. शिवाय उरलेलं आतडं त्याच माणसाचं. त्याच्या अस्तरावर पॉलिप, म्हणजे मांसाची बारीक गाठ, नव्याने येऊ शकते. पॉलिपचा कॅन्सर व्हायला बहुधा अनेक वर्षं लागतात आणि तोवर काहीही दुखत नाही. दुखत नाही म्हणूनच बघावं लागतं. पॉलिप सापडला तर त्याच नळीतून काढताही येतो, पोट उघडावं लागत नाही.

साधारणपणे पहिली कोलोनोस्कोपी ऑपरेशननंतर एका वर्षाने करतात. ती साफ निघाली तर पुढची तीन वर्षांनी, मग पाच वर्षांनी. ऑपरेशनपूर्वी आतडं अडल्यामुळे नळी पूर्ण गेली नसेल, तर तीन ते सहा महिन्यांतच बोलावतात. पोटावर पिशवी असेल तर त्या तोंडातूनही तपासता येतं. मधल्या काळात सीईए ही रक्ततपासणी आणि सीटी स्कॅन असतात. रोग परतायचा तर बहुतेकदा पहिल्या दोन-तीन वर्षांत परततो, म्हणून सुरुवातीच्या तारखा दाट असतात. रक्त चांगलं आलं म्हणून नळी टाळू नये; बारीक पॉलिप रक्तात दिसत नाही.

आता माझी चूक सांगते. काकांना मी तारीख, गाडी, कागद सगळं समजावलं, जेवणाचं राहून गेलं. ते आदल्या दिवशी नागलीची भाकर आणि पालेभाजी खाऊन निघाले. आतडं स्वच्छ नव्हतं, तपासणी झाली नाही. दोघांची मजुरी बुडाली ती माझ्यामुळे. तेव्हापासून मी घोटून सांगते: दोन-तीन दिवस आधीपासून नागली, पालेभाजी, बिया, सालीची डाळ बंद, मऊ भात चालतो. आदल्या दिवशी फक्त पातळ आणि गाळलेलं, म्हणजे भाताची निवळ, नारळपाणी, साखरपाणी, बिनदुधाचा चहा. लाल सरबत नको, आत ते रक्तासारखं दिसतं. जुलाबाच्या पावडरीचं पाणी सांगितलं तेवढं सगळं प्यायचं. शेवटी शौचाला पिवळसर स्वच्छ पाणी आलं पाहिजे. लोहाची गोळी काही दिवस आधी थांबवतात. रक्त पातळ करण्याच्या आणि साखरेच्या गोळ्यांचं डॉक्टरांनाच विचारावं, मनाने बंद करू नये.

तपासणी अर्ध्या तासाची, पण गुंगीचं औषध देतात, म्हणून सोबत माणूस हवाच. नंतर थोडा गॅस होतो. पोटात जोराची कळ, ताप किंवा जास्त रक्त दिसलं तर लगेच हॉस्पिटल गाठावं. आतड्याला इजा क्वचितच होते, पण होते, हे लपवून सांगू नये.

खर्चाचं म्हणाल तर हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात आधी विचारा. नंदुरबार-धुळ्याकडून येणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटला रेल्वेच्या स्लीपरमध्ये पूर्ण सवलत आहे, सोबत्याला 75 टक्के. ठरलेल्या तपासणीसाठीही ती मिळते. हॉस्पिटलचा दाखला मात्र लागतो. मुक्कामाला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, तिथेही आधी चौकशी करून यावं.

काकांना आम्ही दुसरी तारीख घेतली. एक पॉलिप सापडला, तिथेच काढला. रिपोर्ट साधा आला, कॅन्सर नव्हता. पुढची तपासणी कधी ते डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं आहे. काकांनी महिना तेवढा भात झोडून झाल्यानंतरचा मागून घेतला.