मुलीला पिचिंग कोण शिकवणार?

सॉफ्टबॉल हा खेळ आपल्या घरात येतो तो शाळेच्या मैदानावरून. टीव्हीवर तो सहसा दिसत नाही, गल्लीत कोणी खेळत नाही. मुलगी शालेय स्पर्धेच्या संघात निवडली जाते आणि एक दिवस येऊन सांगते, "आई, सरांनी मला पिचर केलंय." घरात सगळ्यांना आनंद होतो, पण पिचरचे काम काय आणि ते शिकवणार कोण, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. आम्ही मोलगीला राहतो आणि मी आरोग्य खात्यात परिचारिका आहे. गेली दोन वर्षे तिच्यासाठी चांगला शिक्षक शोधताना जे समजले, ते इतर पालकांच्या उपयोगी पडेल, म्हणून आज सांगते आहे.

आधी खेळाविषयी थोडेसे. सॉफ्टबॉलचा जन्म १८८७ साली अमेरिकेतल्या शिकागो शहरात झाला. जॉर्ज हॅनकॉक आणि त्याच्या मित्रांनी बॉक्सिंगचा हातमोजा बांधून त्याचा चेंडू केला आणि काठीने तो टोलवला. चेंडू मऊ होता म्हणून पुढे खेळाला हे नाव मिळाले. आजचा चेंडू मात्र नावापुरताच मऊ आहे. त्याचा घेर १२ इंच आणि वजन १८० ग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा तो मोठाही आणि जडही. महिलांच्या सामन्यात पिचर ४३ फुटांवरून, म्हणजे सुमारे १३ मीटरवरून, तो टाकते. हात खांद्यातून एक पूर्ण फेरी घेतो आणि चेंडू कमरेच्या खालून सुटतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने सुटलेल्या चेंडूला फलंदाजापर्यंत पोहोचायला अर्धा सेकंदही लागत नाही.

क्रिकेटमध्ये एका षटकानंतर गोलंदाज बदलावाच लागतो. सॉफ्टबॉलमध्ये तसे बंधन नाही. एकच पिचर सातही डाव टाकू शकते. ज्या शाळेकडे बरी पिचर आहे ती शाळा जिल्ह्यात पुढे जाते, म्हणून त्या एका मुलीवर सगळा भार येतो. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जपानच्या युकिको उएनोने दोन दिवसांत तीन सामन्यांत मिळून ४१३ चेंडू टाकले आणि जपानला सुवर्णपदक मिळाले. शिबिरांतून हा किस्सा जिद्दीचे उदाहरण म्हणून सांगतात. पण उएनो तेव्हा २६ वर्षांची होती, आणि तिच्या मागे कित्येक वर्षांचा शिस्तशीर सराव होता. २०२१ मध्ये टोकियोला, वयाच्या ३९ व्या वर्षी, तिने पुन्हा अंतिम सामन्यात पिचिंग केले आणि जपान पुन्हा जिंकला. तिचा खांदा इतकी वर्षे टिकला कसा, हे मुलींना कोणी सांगत नाही.

खालून चेंडू टाकल्याने खांद्याला त्रास होत नाही, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. तो बरोबर नाही. हाताची फेरी खाली येते तेव्हा खांद्याचा सांधा बाहेरच्या बाजूला ओढला जातो. अमेरिकेत लहान मुलींच्या पिचिंगचे मोजमाप झाले, तेव्हा ही ओढ त्यांच्या स्वतःच्या वजनाच्या जवळपास भरली. दंडाचा पुढचा स्नायू ज्या दोरीने खांद्याला बांधलेला असतो, त्या दोरीवर हा ताण येतो. म्हणून पिचर मुलीने खांद्याच्या पुढच्या बाजूला बोट ठेवून "इथे दुखतंय" म्हटले, तर मलम चोळून तिला पुन्हा मैदानावर पाठवू नये. चेंडू टाकणे थांबवावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

आमच्या बाबतीत असेच झाले. सुटीत एका शहरातल्या शिबिराला मुलीला पाठवले होते. तिथे मुली रोज दीडशे-दोनशे चेंडू टाकत. कोणी मोजत नव्हते. दहाव्या दिवशी तिला वेणी घालायला हात वर नेता येईना. डॉक्टरांनी सहा आठवडे विश्रांती सांगितली. त्या सहा आठवड्यांत मी ठरवले की नवा शिक्षक शोधायचा तो त्याने जिंकलेल्या ढाली पाहून नाही. तो कशा क्रमाने शिकवतो आणि किती चेंडू टाकायला लावतो, हे आधी पाहायचे.

मोलगी म्हणजे अक्कलकुवा तालुक्यातले डोंगरातले बाजाराचे गाव. अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून इथे यावे लागते. उन्हाळ्यात पाड्यापाड्यांवरून आमचूर विकायला येतो, पावसाळ्यात घाटात दरड आली की एसटी खोळंबते. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांचे कार्यालय नंदुरबारला. अशा गावात पिचिंगचा खास प्रशिक्षक मिळणार नाही, हे उघड आहे. पण शिक्षक अजिबात नाही, असेही नाही. आम्हाला तीन वाटा दिसल्या. एक, शाळेतले क्रीडा शिक्षक. दोन, विद्यापीठ किंवा राज्य पातळीवर खेळलेली एखादी माजी खेळाडू. तीन, मोबाइलवरच्या चित्रफिती.

क्रीडा शिक्षकांना नियम माहीत असतात, मुलांना हाताळायची सवय असते. पण त्यांच्याकडे कबड्डीपासून धावण्यापर्यंत सगळेच खेळ असतात. माजी खेळाडूचा हात पाहण्यासारखा असतो. मात्र तिला स्वतःला जमते ते समजावून सांगता येतेच असे नाही. चित्रफितीत सगळे दिसते, फक्त आपल्या मुलीचे काय चुकते ते दिसत नाही. म्हणून तिघांपैकी कोणा एकावर सगळे सोपवू नये. सॉफ्टबॉल खानदेशाला नवा नाही. जळगावकडे तो बरीच वर्षे खेळला जातो. जिल्हा संघटनेकडे आणि क्रीडा कार्यालयात चौकशी केली, तर खेळलेल्या मुलींची नावे मिळतात.

आता चांगला शिक्षक ओळखायचा कसा? पहिली खूण म्हणजे तो उलट्या क्रमाने शिकवतो. आधी चेंडू सोडणे, मग हाताची फेरी, शेवटी पाऊल. पहिले काही दिवस मुलगी जागेवर उभी राहते, हात कमरेजवळ असतो, आणि पाच-सहा पावलांवरच्या भिंतीवर ती चेंडू हलकेच सोडते. ते जमले की हात खांद्याइतका मागे नेऊन सोडायचा. मग पूर्ण फेरी. फेरी अशी हवी की जणू शेजारी भिंत उभी आहे आणि हात तिला समांतर फिरतो आहे. त्यानंतर पाय. मागच्या पायाने जमिनीला रेटा द्यायचा आणि पुढचे पाऊल सरळ फलंदाजाच्या दिशेने टाकायचे. जो शिक्षक पहिल्याच दिवशी पूर्ण अंतरावरून "जोरात टाक" म्हणतो, तो सोपानाच्या वरच्या पायरीपासून सुरुवात करतो.

आमच्या भागात हे समजावणे सोपे जाते, कारण घरोघरी गोफण माहीत आहे. ज्वारी-मक्याच्या शेतात माळ्यावर बसून पाखरे उडवणारी पोरे मनगटाच्या जोरावर दगड फेकत नाहीत. जोर फेरीतून येतो आणि नेम दोरी केव्हा सोडली यावर ठरतो. पिचिंगचेही तसेच. हात सैल, फेरी मोठी, सोडण्याची वेळ अचूक. फरक इतकाच की गोफणीची दोरी तुटली तर नवी वळता येते.

दुसरी खूण मनगटाची. मुलींना तासन्‌तास नुसते मनगट झटकायला लावणे आणि चेंडू सुटल्यावर कोपर मुद्दाम खांद्यापर्यंत उचलायला लावणे, ही जुनी पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी चालते. मोठ्या पिचरांच्या संथ चित्रफिती पाहिल्या तर वेगळेच दिसते. हाताची कोपरापुढची बाजू कंबरेला निसटता स्पर्श करते आणि तळवा आपोआप आत वळतो. कोपर नंतर जिथे जाईल तिथे जाते. शिक्षकाला याविषयी जरूर विचारावे. "आम्ही असेच शिकलो" एवढेच उत्तर आले, तर थोडे थांबावे.

तिसरी खूण मोजणीची. अमेरिकेतल्या क्रीडावैद्यक तज्ज्ञांनी १० ते १२ वर्षांच्या मुलींसाठी एका सामन्यात ६५ आणि दिवसाला ९५ चेंडूंची मर्यादा सुचवली आहे. लागोपाठ दोन दिवस पिचिंग झाले तर तिसरा दिवस सुटीचा. तिथे १० वर्षांखालील मुलींना चेंडूही लहान, ११ इंच घेराचा देतात आणि ३५ फुटांवरून टाकू देतात. म्हणून लहान मुलीने पूर्ण अंतराचा हट्ट धरू नये, शिक्षकानेही धरू नये. चेंडू वळवण्याचे प्रकारही इतक्या लवकर नकोत. आधी नेम, मग वेग, मग त्याच हालचालीने टाकलेला संथ चेंडू. फलंदाजाला चकवायला या वयात तेवढे पुरते.

चौथी गोष्ट मुलीच्या आईबापांनी संकोच न करता पाहावी. सराव उघड्या मैदानावर, चारचौघांसमोर होतो का? पालकांना थांबू देतात का? बाहेरगावी संघ जातो तेव्हा सोबत शिक्षिका असते का? या प्रश्नांचा ज्याला राग येतो, त्याच्याकडे मुलगी पाठवू नये.

खरा पेच पुढेच होता. नातेवाईक म्हणाले, मुलीला शहरात वसतिगृहात ठेवा. सावरपाड्याच्या कविता राऊतचे उदाहरण निघाले. नाशिकला विजेंदर सिंग यांच्या हाताखाली धावून तिने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. शिवाय राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. आमच्यासारख्या घरांना हे लहान आमिष नाही. घरातही दोन मते पडली. तिच्या वडिलांना वाटे, संधी एकदाच येते. मी विचारले, खांदा दुखला तर ती तिथे कोणाला सांगेल? शिबिरात दहा दिवस दुखत असूनही ती बोलली नव्हती. संघातून काढतील अशी तिला भीती होती.

शेवटी आम्ही तिला घरीच ठेवले. अकरा वर्षांच्या पिचरला रोज मोठ्या प्रशिक्षकाची गरज नसते. आठवड्यातून तीन दिवस पाऊण तास सराव आणि तो पाहणारे एक माणूस, एवढे पुरते. महिन्यातून एकदा आम्ही नंदुरबारला एका माजी खेळाडू ताईंकडे जातो. त्या दोन गोष्टी दुरुस्त करून देतात, तिसरी सांगत नाहीत. मधल्या काळात शाळेचे सर लक्ष ठेवतात. मी मोबाइलवर बाजूने आणि समोरून चित्रीकरण करते आणि रेंज मिळेल तेव्हा ताईंना पाठवते. शाळेच्या भिंतीवर खडूने गुडघ्यापासून काखेपर्यंतचा चौकोन आखला आहे. पावसात चेंडू भिजून जड होतो, तेव्हा ओसरीत जुन्या मोज्यात चिंध्या भरून केलेल्या चेंडूने काम भागते. वहीत तारीख, चेंडूंची संख्या आणि 'दुखले का' असे तीन रकाने आहेत. ती वही मुलगी स्वतः भरते. चौदाव्या वर्षी तिला खेळायचेच असेल, तर वसतिगृहाचा विचार पुन्हा करू. तेव्हा तिचे मतही पक्के झालेले असेल.

ज्यांच्या मुलींना यंदा पिचर केले आहे, त्या पालकांनी शिक्षकाला भेटून तीनच प्रश्न विचारावेत. पहिल्या महिन्यात काय शिकवणार? दिवसाला किती चेंडू, आणि ते मोजणार कोण? दुखले तर काय करणार? उत्तरे शांतपणे आणि नेमकी मिळाली, तर ते शिक्षक मोठ्या शहरातले नसले तरी चालतील. आणि ज्यांच्या गावात शाळेच्या सरांखेरीज कोणीच नाही, त्यांनी सरांसोबत बसून ही वही आखावी. सरांनाही त्याची मदतच होते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)