चालढकलीवर उपाय : कार्यसूची आणि कृतिसंकल्प यांचा समन्वय

प्रस्तावना :
शोधनिबंध, प्रबंधाचे प्रकरण यांसारखी कामे लांबणीवर पडतात, तेव्हा त्याचे कारण आळस असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पिअर्स स्टील यांच्या २००७ मधील व्यापक विश्लेषणात मात्र कामाविषयीची नावड, फलप्राप्तीस लागणारा विलंब, आत्मविश्वासाचा अभाव व आवेगशीलता यांचा चालढकलीशी दृढ संबंध आढळला.

कार्यसूचीची मर्यादा :
डेव्हिड ॲलन यांच्या 'गेटिंग थिंग्ज डन' (२००१) या ग्रंथातील पद्धतीत सर्व कामे सूचीत उतरविणे, प्रत्येकाची पुढील प्रत्यक्ष कृती ठरविणे व साप्ताहिक आढावा घेणे यांवर भर आहे. 'शोधनिबंध' ही नोंद संदिग्ध ठरते. 'दुसऱ्या कोष्टकाचे विवेचन लिहिणे' ही कृती होय. तथापि या पद्धतीत दिनदर्शिकेवर केवळ ठरावीक दिवशी वा वेळी करावयाची कामेच नोंदविली जातात. उर्वरित कृतींची निवड त्या त्या वेळी करावयाची असते आणि नेमकी तेव्हाच नावडती कृती मागे पडते.

पूर्वनियोजनाची जोड :
ही उणीव पीटर गोलवित्झर यांनी मांडलेली कृतिसंकल्पाची संकल्पना भरून काढते. 'अमुक प्रसंग आला, की अमुक कृती करीन' असे आधीच ठरविल्यास तो प्रसंगच कृतीस चालना देतो. गोलवित्झर व ब्रँडस्टेटर यांच्या १९९७ मधील प्रयोगात विद्यार्थ्यांना नाताळच्या पूर्वसंध्येविषयीचा अहवाल ४८ तासांत लिहावयाचा होता. स्थळ व वेळ आधी निश्चित करणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश विद्यार्थ्यांनी तो मुदतीत पूर्ण केला. इतरांमध्ये हे प्रमाण सुमारे एक तृतीयांश होते.

प्रत्यक्ष उपयोजन :
साप्ताहिक आढाव्यात वारंवार पुढे ढकललेली एखादी कृती निवडावी व तिला प्रसंगाची जोड द्यावी. उदा., 'मंगळवारी तिसरी तासिका संपली, की ग्रंथालयात बसून कोष्टकाचे विवेचन लिहीन.' संभाव्य अडथळ्याचाही विचार करावा : 'त्या वेळी बैठक ठरली, तर दुपारी चार वाजता लिहीन.' प्रत्येक नोंदीसाठी मात्र असा संकल्प करू नये. अनेक ध्येयांसाठी एकाच वेळी कृतिसंकल्प केल्यास त्यांचा लाभ घटतो, असे डाल्टन व स्पिलर यांच्या २०१२ मधील संशोधनात दिसून आले.

समारोप :
काय करावयाचे हे सूची सांगते. केव्हा व कोठे हे कृतिसंकल्प ठरवितो. मूळ ध्येयाविषयी आस्था नसेल, तर दोन्ही साधने निष्प्रभ ठरतात. आस्था असूनही आरंभ होत नसेल, तेथे त्यांचा समन्वय उपयुक्त ठरतो.