धावपळीतलं शरीर – लेखांक ६ : वजनकाट्याच्या भरवशावर चालू नका

झोप आणि भूक यांचं नातं आपण गेल्या आठवड्यात पाहिलं. या वेळी त्याहून अवघड प्रश्न घेऊ. निश्चयाने व्यायाम सुरू केलेली माणसं तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात थांबतात, ती का?

'वेळच मिळत नाही' हे उत्तर खोटं नाही. डोंबिवलीहून किंवा विरारहून रोज दक्षिण मुंबई गाठणाऱ्या माणसाचे तीन-साडेतीन तास प्रवासातच जातात. पण ज्यांनी ओढूनताणून वेळ काढला, पहाटे उठले, बूट घेतले, तीही थांबतात. माझ्या मते याचं मोठं कारण म्हणजे आपण व्यायामाचा हिशेब वजनकाट्याला मागतो आणि काटा तो देऊ शकत नाही.

आकडेच पाहा. सत्तर किलो वजनाच्या माणसाने अर्धा तास झपाझप चाललं, तर साधारण १३० ते १५० कॅलरी खर्च होतात. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. म्हणजे एकही दिवस खाडा न करता रोज चाललं आणि खाणं कणभरही वाढू दिलं नाही, तरी एक किलो उतरायला पन्नासहून जास्त दिवस लागणार. महिन्याला जेमतेम अर्धा किलो. शरीरातलं पाणी, आदल्या रात्रीचं खारट खाणं, मासिक पाळी, पोट साफ झालं की नाही, यांनी वजन एरवीही किलो-दीड किलोने खालीवर होतं. त्या चढउतारात हा अर्धा किलो दिसतच नाही.

त्यात पहिला आठवडा फसवा असतो. खाणं कमी केलं की स्नायू आणि यकृतातला ग्लायकोजेनचा साठा आधी वापरला जातो. एका ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं, तेही जातं. काटा झरझर उतरतो, आपण खूश होतो. मग तो अडतो आणि सगळी मेहनत वाया गेल्यासारखी वाटते. चरबी खरी उतरायला लागते ती याच सुमारास, आणि नेमक्या त्याच वेळी माणूस बूट कपाटात ठेवून देतो.

वजन मुख्यतः ताटातून कमी होतं, हे एकदा मान्य करायला हवं. एका वडापावात साधारण ३०० कॅलरी धरल्या, तर त्या चालून खर्च करायला तासभर हवा. मग व्यायाम कशासाठी? याचं मला सर्वांत पटलेलं उत्तर लंडनच्या बसमधून आलं आहे.

जेरेमी मॉरिस हे ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ. दुसऱ्या महायुद्धानंतर हृदयविकार का वाढतोय, याचा ते शोध घेत होते. लंडनच्या दुमजली बसमध्ये ड्रायव्हर दिवसभर बसून, तर कंडक्टर जिना चढत-उतरत तिकिटं फाडत असे. एका पाळीत शेकडो पायऱ्या. दोघांची नोकरी एकाच खात्यातली, राहणीमानही बरंचसं सारखं. १९५३ साली 'लॅन्सेट'मध्ये मॉरिस यांनी मांडलं, की कंडक्टरांना हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा बराच कमी होतो. शंका रास्त होती, की मुळात जाडजूड माणसंच ड्रायव्हर होत असतील. म्हणून त्यांनी गणवेशाच्या नोंदींमधून कमरेची मापं काढली. ड्रायव्हरांच्या विजारी खरोखरच मोठ्या मापाच्या निघाल्या. पण सडसडीत असो की ढेरपोट्या, अचानक हृदयविकाराने मरण्याचा धोका कंडक्टरांनाच कमी होता. वजनाची बाजू वेगळी काढली, तरी पायऱ्यांचा फायदा उरत होता. आणि यातला एकही कंडक्टर 'व्यायाम' करत नव्हता, तो तिकिटं फाडत होता.

काटा आणखी एक गोष्ट लपवतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आपल्या दोघांचा फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती, तर डॉ. याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. आपल्याकडे अंगाने बारीक माणसाच्याही पोटात चरबी साठलेली असते. म्हणून काट्याऐवजी शिंप्याची टेप जवळ ठेवा. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी. महिन्यातून एकदा मोजलं तरी पुरे.

आता उत्साहाबद्दल. तो टिकवायचा कसा, असं सगळे विचारतात. मला वाटतं, उत्साहावर अवलंबून राहणंच थांबवावं. २००२ साली ब्रिटनमध्ये विद्यार्थ्यांवर झालेल्या एका प्रयोगात एका गटाला व्यायामाचे फायदे आणि हृदयविकाराचे धोके समजावून सांगितले. दुसऱ्या गटाला तेच सांगून वर एक वाक्य लिहायला लावलं, की मी अमुक दिवशी, अमुक वेळी, अमुक ठिकाणी व्यायाम करीन. ठरलेल्या आठवड्यात पहिल्या गटातल्या ३५ टक्के मुलांनी व्यायाम केला. ज्यांना काहीच सांगितलं नव्हतं, त्यांच्यातल्याही ३८ टक्के मुलांनी केला. वाक्य लिहिलेल्यांपैकी ९१ टक्क्यांनी केला. एवढा फरक दर वेळी पडेल असं नाही, पण नुसत्या उपदेशाने काय होतं, ते यात स्वच्छ दिसतं.

तेव्हा व्यायामाला दिवसातली एखादी पक्की खुंटी शोधा. सकाळची आंघोळ, स्टेशनचा पूल, दुपारचा डबा, मुलांचा क्लास. 'डबा संपला की दहा मिनिटं चालायचं' हे वाक्य 'उद्यापासून रोज तासभर जिम'पेक्षा फार जास्त टिकतं. जेवल्यावर चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात आणि त्यासाठी त्यांना इन्सुलिनची फारशी वाट पाहावी लागत नाही. सरकत्या जिन्याशेजारी साधा जिनाही असतोच. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. सलग दहा मिनिटं तरी हवीत ही जुनी अट २०२० साली तिने काढून टाकली. तुकड्यातुकड्यांनी केलेलं सगळं जमेस धरलं जातं. (छातीत दुखत असेल, धाप लागत असेल किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील, तर आधी डॉक्टरांशी बोला.)

इथे एक गोष्ट स्पष्ट म्हणायची आहे. २०२२ सालच्या अंदाजानुसार भारतातल्या ५७ टक्के स्त्रिया पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत, पुरुषांमध्ये हे प्रमाण ४२ टक्के आहे. पहाटे डबे, मग नोकरी, संध्याकाळी पुन्हा ओटा, अशा बाईला 'मनावर घेतलं की जमतं' असं सांगणं अन्यायाचं आहे. तिची खुंटी घरच्यांनी मोकळी करून द्यायला हवी. रात्रीची झाकपाक दुसऱ्या कुणी केली, तर तिची वीस मिनिटं सुटतात. हा वाटणीचा प्रश्न आहे, तिच्या मनोबलाचा नाही.

सवय लागायला किती दिवस? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या २०१० सालच्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस निघाले, पण कुणाला १८ पुरले, तर कुणासाठी अंदाज २५४ पर्यंत गेला. पाणी पिण्यासारख्या सवयीपेक्षा व्यायामाची सवय जडायला जास्त वेळ लागला. त्यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा निष्कर्ष असा, की एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात विशेष फरक पडला नाही. पावसात लोकल बंद पडली, घरी आजारपण निघालं, ऑडिट आलं, की दिवस चुकणारच. त्यासाठीही एक वाक्य आधीच लिहून ठेवा. चालणं हुकलं, तर झोपण्यापूर्वी खुर्चीवरून दहा वेळा उठायचं-बसायचं. तेवढंही नाही झालं, तर दुसऱ्या दिवशी डबा संपला की निघायचं. चुकलेल्या दिवसाची भरपाई म्हणून दुप्पट चालू नका, त्याने गुडघे दुखतात आणि तिसरा दिवसही जातो.

पुढच्या आठवड्यात स्नायूंविषयी: चाळिशीनंतर नुसतं चालणं अपुरं का पडतं, आणि घरात वजनं नसतानाही ताकदीचा व्यायाम कसा करायचा.