आवाजाची पेढी नऊ दिवसांत उभी राहत नाही

नव्याचे नऊ दिवस ही म्हण आपल्या पेठेतल्या व्यापाऱ्याला कोणी समजावून सांगायला नको. दुकान उघडले त्या दिवशी पेढे वाटणारे पुष्कळ असतात, दहाव्या वर्षी त्याच दुकानात दिवाळीची वहीपूजा करणारे थोडे उरतात. हल्ली धंदा वाढवण्यासाठी पॉडकास्ट काढण्याची हौस आली आहे, तिचीही गत हीच आहे. पाच-सात भाग होतात, नातेवाईक शाबासकी देतात, आणि मग आवाज गप्प होतो.

पॉडकास्ट म्हणजे ठरावीक दिवशी प्रसिद्ध होणारा आणि ऐकणाऱ्याने आपल्या सवडीने मोबाईलवर ऐकायचा ध्वनिमुद्रित कार्यक्रम. २००४ साली बेन हॅमर्स्ली या ब्रिटिश पत्रकाराच्या लेखात हा शब्द प्रथम आला. ॲपल कंपनीच्या आयपॉड या यंत्राच्या नावावरून तो घडला होता. तो आयपॉड २०२२ साली बंद पडला, शब्द मात्र राहिला. यंत्रे येतात नि जातात, ऐकण्याची सवय टिकते, एवढा बोध त्यातून घ्यायला हरकत नाही.

जुनीच वाट

माल विकायचा असेल तर आधी गिऱ्हाइकाच्या उपयोगाचे बोलावे, हा विचार नवा नाही. अमेरिकेत शेतीची अवजारे बनवणाऱ्या जॉन डिअर कंपनीने १८९५ साली शेतकऱ्यांसाठी ‘द फरो’ हे नियतकालिक काढले, आणि ते आजही निघते. पण इतक्या दूर कशाला जायचे? आपल्या बेळगाव जिल्ह्यात गुर्लहोसूर येथे जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचे दुकान काढले आणि पुढे लोखंडी नांगर बनवला. लोखंडाने जमीन नासते, हा शेतकऱ्यांचा त्या काळचा समज होता. तो घालवायला जाहिरातीची एक पाटी पुरणारी नव्हती. वर्षानुवर्षे बोलत राहावे लागले.

१९१० साली हा कारखाना किर्लोस्करवाडीला गेला. तिथून १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. कारखान्याच्या मालाची माहिती देण्यासाठी निघालेले ते पत्रक पुढे मराठीतले नामांकित मासिक झाले. नांगर घेणाराही ते वाचत होता आणि न घेणाराही. नाव घराघरांत पोचले ते असे.

आवाजाच्या बाबतीत बिनाका गीतमालेची आठवण पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना असेलच. डिसेंबर १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर ती सुरू झाली. पैसा टूथपेस्टवाल्यांचा होता, आवाज अमीन सायानींचा होता. दर बुधवारी रात्री लोक रेडिओभोवती जमत. कार्यक्रम चार दशके चालला. सायानी २०२४ च्या फेब्रुवारीत गेले, तरी टूथपेस्टचे ते नाव अजून लोकांच्या ओठांवर आहे. वार चुकला नाही आणि आवाज बदलला नाही, यात त्या यशाचा मोठा वाटा होता.

दम कुठे सुटतो?

पॉडकास्ट बंद पडतो तो बहुधा पैशांअभावी नव्हे. साधा कॉलरचा माईक, मोबाईल आणि गाद्या-रजयांनी भरलेली एखादी खोली एवढ्यात स्वच्छ ध्वनिमुद्रण होते. पंधरा मिनिटांचा भाग साध्या प्रतीत साठवला तर जेमतेम सात एमबीचा होतो. व्हॉट्सॲपवरूनही तो सहज जातो. खरी टंचाई वेळेची आणि विषयांची असते. पंधरा मिनिटे बोलण्यामागे नवख्याचे तीन-चार तास जातात. उत्साहाच्या भरात ‘दर आठवड्याला’ असे जाहीर केले की वर्षाला ५२ भाग अंगावर येतात. त्यापेक्षा पंधरवड्याला एक धरावा, म्हणजे वर्षाला २६ होतात. कमी बोलावे, पण बोललेला वार पाळावा.

विषय सापडत नाहीत ही तक्रार करणाऱ्याने गल्ल्याजवळ एक वही ठेवावी. समजा, खानापूरला एकाचे बी-बियाणे व खतांचे दुकान आहे. ‘भाताची पाने पिवळी का पडली?’, ‘काजूला मोहोर आल्यावर फवारणी केव्हा?’ असे प्रश्न त्याला रोज येतात. एक प्रश्न म्हणजे एक भाग. वर्षभर वही भरली की खरीप, रब्बी आणि उन्हाळा अशी मालिकाच तयार होते. उद्यमबागेतला यंत्राचे सुटे भाग बनवणारा असो, शहापूर-वडगावचा साडीवाला असो की कुंदा विकणारा, ज्याला त्याला आपल्या धंद्यातले प्रश्न ठाऊक असतात.

दुसरी सावधगिरी म्हणजे शिल्लक. पहिला भाग प्रसिद्ध करण्यापूर्वी पाच-सहा भाग तयार हवेत. लग्नसराई, सुगी, गणेशोत्सव या काळात दुकानदाराला श्वास घ्यायला फुरसत नसते, त्या वेळी ही शिल्लक कामी येते. दहा-बारा भागांनंतर ‘आता महिनाभर विश्रांती’ असे सांगून थांबले तरी ऐकणारा रागावत नाही. न सांगता गायब झालेल्याची मात्र तो वाट पाहत बसत नाही.

तिसरी गोष्ट, परक्याच्या जागेवर पक्के घर बांधू नये. २०२० साली भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि अनेकांची मेहनत एका रात्रीत वाया गेली. गूगलनेही आपले पॉडकास्टचे ॲप २०२४ साली बंद केले. म्हणून मूळ ध्वनिमुद्रणे आपल्याजवळ जपावीत, कार्यक्रम दोन-तीन ठिकाणी ठेवावा, आणि गिऱ्हाइकांचे क्रमांक, त्यांच्या संमतीने, आपल्या वहीत असावेत.

भाषा कोणती?

सीमाभागात हा प्रश्न टाळता येत नाही. दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड मजकूर असावा, अशी दुरुस्ती कर्नाटकाने २०२४ साली कायद्यात केली. पाटीचा नियम सरकार ठरवते. गिऱ्हाइकाशी कोणत्या भाषेत बोलावे हे मात्र दुकानदाराने आणि गिऱ्हाइकाने ठरवायचे असते. आपल्या गावांत कन्नड वा इंग्रजी शाळेत शिकलेली अशी पोरे आहेत, ज्यांना मराठी छान कळते पण वाचायला जड जाते. ऐकायला लिपी लागत नाही. घरात बोलली जाणारी भाषा शेताच्या, यंत्राच्या, हिशेबाच्या कामी येते असे या पोरांच्या कानावर पडले, तर ती भाषा केवळ आजीची न राहता कमाईचीही होते. भाषा टिकवण्याच्या सभांइतकेच हे काम मोलाचे आहे.

मात्र पुण्याची मराठी उसनी आणू नये. आपल्या बोलीत कन्नडचे शब्द आहेत, कोकणीची लकब आहे. तीच ऐकून माणूस म्हणतो, ‘हा आपल्यातला.’ कन्नड गिऱ्हाईक असेल तर त्याच्यासाठी कन्नडमध्ये वेगळा भाग जरूर काढावा. व्यापारात शेजाऱ्याची भाषा येणे हे भांडवलच आहे. पण एकाच भागात दोहोंची सारखी अदलाबदल केली की दोन्हीकडचे ऐकणारे कंटाळतात.

हिशेब कसा मांडावा?

किती हजारांनी ऐकले, या आकड्यावर धंदा चालत नाही. दोनशे माणसे ऐकत असतील आणि ती आपल्याच तालुक्यातली असतील, तर दूरच्या दहा हजारांपेक्षा ती मोलाची. नवे गिऱ्हाईक आले की ‘आमचे नाव कुठे ऐकले?’ एवढे विचारावे आणि लिहून ठेवावे. सहा महिन्यांनी त्या नोंदी चाळाव्यात. पहिल्या वर्षी फार काही दिसणार नाही. काजूचे झाडही लावल्या वर्षी बी देत नाही. पण भागाभागात ‘आमचाच माल घ्या’ असा घोशा लावू नये. जिथे आपला माल लागत नाही, तिथे ‘नको, लागत नाही’ असे सांगण्याची हिंमत ठेवावी. विश्वास त्याच वाक्यावर बसतो, आणि तोच माणूस गरज पडली की दुकानाची पायरी चढतो.

पंधरवड्यातले तीन-चार तास वर्षभर ज्याला काढता येणार नाहीत, त्याने या भानगडीत न पडलेले बरे. ज्याला ते जमेल, त्याने आजच वही घालावी आणि उद्या दुकानात येणाऱ्या पहिल्या गिऱ्हाइकाचा प्रश्न तीत लिहून घ्यावा.