ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी टास्क मॅनेजर उघडा

आजचा एपिसोड एका व्हॉइस नोटवर आहे. आपला एक श्रोता सांगलीकडे लग्नाचे फोटो काढतो, महिन्यातून एखाददुसरा हायलाइट व्हिडिओपण करतो. तो म्हणतो, "दादा, सीझनचे साठ हजार बाजूला ठेवलेत. पीसी लय हँग होतोय. दुकानदार म्हणतोय सगळे पैसे कार्डात घाल, पळेल. घालू का?"

माझं उत्तर: थांब. आधी पीसी नेमका कुठे अडतोय ते बघ.

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स टॅबवर जा आणि मागे तुमचं रोजचं काम चालू ठेवा. मेमरी ९० टक्क्यांवर असेल तर रॅम कमी पडतेय. डिस्क सतत १०० टक्के असेल तर हार्ड डिस्क रडतेय, एसएसडी लागेल. सीपीयू १०० आणि जीपीयू १० असेल, तर महागडं कार्ड घालून फारसं काही बदलणार नाही. जीपीयूच पूर्ण भरलेला दिसला, तर मग कार्डाचं बोलू.

फोटोसाठी कार्ड किती लागतं?

वाटतं त्यापेक्षा कमी. हजार-दीड हजार रॉ फाइल्स इम्पोर्ट करणं, प्रीव्ह्यू बनवणं, फोटोशॉपमध्ये लेयरवर लेयर चढवणं, हा भार मुख्यतः प्रोसेसर, रॅम आणि एसएसडीवर पडतो. कार्डाचा खरा कस लागतो तो एआय फीचर्समध्ये. लाइटरूममध्ये २०२३ साली एआय डीनॉइज आलं. हॉलमधल्या अंधारात काढलेले फोटो त्याने साफ होतात, पण ते जवळजवळ पूर्ण कार्डावर चालतं. जुन्या कार्डावर एका फोटोला काही मिनिटं जातात, चांगल्या कार्डावर काही सेकंद. दोनशे फोटो असतील तर हा रात्रभराचा फरक आहे.

आणि एक लक्षात ठेवा, कार्डामुळे रंग सुधारत नाहीत. अल्बम छापून आल्यावर नवरीचा शालू वेगळ्याच रंगाचा दिसत असेल, तर आधी मॉनिटर बघा. आयपीएस पॅनल आणि कॅलिब्रेशन, पैसे तिथे घाला.

व्हिडिओ अडकतो, कारण फाइल

इथे बरेच जण फसतात. सोनी ए७ फोर किंवा कॅनन आर६ सारखे कॅमेरे १० बिट ४:२:२ मध्ये शूट करू शकतात. कलर ग्रेडिंगला मस्त, पण अशी फाइल उलगडायला हार्डवेअरची मदत नसेल तर टाइमलाइन धक्के खात चालते. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४० आणि त्याआधीच्या कार्डांत ४:२:२ ची ही सोय नाही, अगदी ४०९० मध्येसुद्धा! ती आली २०२५ च्या ५० सिरीजमध्ये.

गंमत म्हणजे इंटेलच्या १२व्या जनरेशनच्या साध्या इनबिल्ट ग्राफिक्समध्ये एचईव्हीसी ४:२:२ ची सोय आहे. फक्त प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' नको, कारण एफ म्हणजे इनबिल्ट ग्राफिक्सच नाही. कार्ड लावल्यावर काही मदरबोर्ड इनबिल्ट ग्राफिक्स बंद करतात, ते बायॉसमध्ये जाऊन चालू करून घ्या.

हे काहीच जमत नसेल तर प्रॉक्सी बनवा. प्रॉक्सी म्हणजे एडिटपुरती हलकी कॉपी. एक्स्पोर्ट मूळ फाइलमधूनच होतो. खर्च शून्य रुपये.

मग कार्ड कुठलं?

आधी व्हीरॅम बघा, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी. फोटो आणि अधूनमधून व्हिडिओ असेल तर ८ जीबी पुरते. फोर-के टाइमलाइन आणि दाविंची रिझॉल्व्ह असेल तर १२ जीबी बरी, कारण रिझॉल्व्ह कार्डावर खूप विसंबतं आणि व्हीरॅम संपली की एरर देऊन थांबतं. आरटीएक्स ३०६० घेताना खोक्यावर १२ जीबी लिहिलंय ना, ते वाचा. त्याच नावाने ८ जीबीचंही कार्ड विकलं जातं. इंटेलच्या आर्क बी५८० लाही १२ जीबी आहे.

नंतर पॉवर सप्लाय. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॉट लागतात, ३०६० ला १७०. दोन्हींसाठी कंपनी ५५० वॉटचा सप्लाय सुचवते. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या सप्लायच्या भरवशावर कार्ड लावू नका. सेकंडहँड घेत असाल तर बिल, उरलेली वॉरंटी बघा आणि अर्धा तास लोड देऊन चालवून बघा. कार्ड लावल्यावर एनव्हिडियाचा गेम रेडी सोडून स्टुडिओ ड्रायव्हर टाका.

तर आपल्या सांगलीच्या दोस्ताचं काय झालं?

त्याने टास्क मॅनेजरचा फोटो पाठवला. मेमरी ९४ टक्के, डिस्क १००, जीपीयू १२. म्हणजे बिचाऱ्या कार्डाचा दोषच नव्हता! त्याला सांगितलं, आधी रॅम ३२ जीबी कर आणि चालू काम एनव्हीएमई एसएसडीवर घे. मग महिनाभर काम कर. तरी डीनॉइजला वेळ जात असेल, तर ८ किंवा १२ जीबीचं मधलं कार्ड घे. उरलेल्या पैशांतून एक बॅकअप ड्राइव्ह घे, कारण लग्न परत शूट करता येत नाही.

तुमच्या टास्क मॅनेजरमध्ये काय दिसतंय? स्क्रीनशॉट पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये बघू. भेटूच!