लेसर रंग भरत नाही, खरवडतो

सुरतेला लेसर नवा नाही. हिरे कापायला आणि कापडावर नक्षी कातरायला तिथले कारखाने तो कित्येक वर्षे वापरत आहेत. आता टेबलावर मावणारी यंत्रे घरपोच मिळतात. त्यामुळे सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरच्या बारडोलीत कुणाला १९२८ च्या सत्याग्रहातले सरदार पटेल घरच्या घरी कॅनव्हासवर कोरावेसे वाटले, तर यंत्राची अडचण येत नाही. अडचण येते ती यंत्राबद्दलच्या समजुतींची.

गैरसमज १ : लेसर कॅनव्हासवर चित्र छापतो.
वस्तुस्थिती : शाळेत तेलखडूंनी रंगवलेल्या कागदावर काळा रंग फासून टोकदार काडीने चित्र खरवडायला शिकवत, तेच काम लेसर करतो. खाली पांढरा जेसो, म्हणजे कॅनव्हासवरचा अस्तराचा रंग, वर काळा ॲक्रिलिक. किरण वरचा थर जाळून उडवतो आणि खालचा उघडा पडतो. लाकडावर कोरताना गडद भाग जाळायचा असतो. इथे उजळ भाग. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये फोटो आधी उलटा, म्हणजे निगेटिव्ह, करून घ्यावा लागतो. रंगीत चित्र हवे असेल तर काळ्या थराखालचे रंग आपणच हाताने लावायचे.

गैरसमज २ : जितके वॅट जास्त, तितके चित्र सुबक.
वस्तुस्थिती : रंगाचा पातळ थर काढायला फार थोडी शक्ती पुरते. शक्ती वाढली की थराखालचे कापड करपते. फोटो उमटतो तो बारीक ठिपक्यांच्या ओळींतून. ओळींमध्ये ०.१ मिलिमीटर अंतर ठेवले, तर एका इंचात २५४ ओळी बसतात. तेव्हा महत्त्व ठिपक्याच्या बारीकपणाला आणि अचूक फोकसला. चौकटीवर ताणलेला कॅनव्हास मध्ये झोल खातो आणि फोकस बिघडतो. त्याच्या पोकळीत मागून प्लायचा तुकडा बसवावा. जाहिरातीतला ‘४० वॅट’ हा आकडाही नीट वाचावा. अनेकदा ती यंत्र ओढत असलेली वीज असते. किरणाची शक्ती जेमतेम ५ वॅट असू शकते.

गैरसमज ३ : खालचा रंग फिकट असला की तो जळत नाही.
वस्तुस्थिती : डोळ्याला फिकट दिसणे आणि लेसरपासून वाचणे या वेगळ्या गोष्टी आहेत. घरगुती डायोड लेसरचा किरण निळा, सुमारे ४५० नॅनोमीटरचा असतो. पांढरा रंग तो परतवतो, म्हणून काळ्याखाली पांढरा थर असला की काम सोपे जाते. पिवळा रंग मात्र निळा प्रकाश शोषूनच पिवळा दिसतो, त्यामुळे तो करपतो. लाल आणि केशरीचेही तसेच. या रंगांवर शक्ती कमी, वेग जास्त ठेवावा. कार्बन डायऑक्साइड लेसरचा किरण १०,६०० नॅनोमीटरचा. तो पांढऱ्यालाही सोडत नाही.

गैरसमज ४ : कॅनव्हास म्हणजे कॅनव्हास, कुठलाही चालतो.
वस्तुस्थिती : सुती कॅनव्हास करपतो, पण वितळत नाही. पॉलिएस्टर सुमारे २५० ते २६० अंशांना वितळते आणि भोक पडते. सुरत ही कृत्रिम धाग्याच्या कापडाची मोठी पेठ, तेव्हा तिथे घेताना मुद्दाम विचारावे. जुन्या फ्लेक्सचा तुकडा तर कधीच वापरू नये. त्यावर पीव्हीसीचा लेप असतो आणि तो जळला की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. फुप्फुसांना इजा होते, यंत्र गंजते. शंका असल्यास तांब्याची तार लालबुंद तापवून नमुन्याला टेकवा आणि उघड्यावर पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली, तर नमुन्यात क्लोरीन असण्याची शक्यता मोठी. तो बाद करा.

गैरसमज ५ : किरणाकडे पाहिले नाही आणि गॉगल लावला की झाले.
वस्तुस्थिती : सभेत वापरायचा लेसर पॉइंटर साधारण ५ मिलिवॅटपर्यंतचा, ५ वॅटचे यंत्र त्याच्या हजारपट. अर्ध्या वॅटच्या वरचे लेसर चौथ्या, म्हणजे सर्वांत धोकादायक वर्गात मोडतात. त्यांचा परावर्तित किरणही डोळा अधू करू शकतो. उन्हाचा गॉगल इथे निरुपयोगी. आपल्या लेसरच्या तरंगलांबीसाठीचाच चष्मा हवा, आणि यंत्राला झाकण असेल तर उत्तम. खोलीतल्या मुलांना आणि मांजरालाही डोळे आहेत.

गैरसमज ६ : खिडकी उघडी ठेवून पंखा लावला की धूर जातो.
वस्तुस्थिती : छताचा पंखा धूर खोलीभर फिरवतो. धूर ओढून नळीने बाहेर टाकणारा पंखा लागतो. साधा मास्क कण अडवतो, वायू नाही. कॅडमियम किंवा शिसे असलेले रंग लेसरखाली आणूच नयेत. ट्यूबवरचे रंगद्रव्याचे नाव वाचावे. यंत्र चालू ठेवून चहाला जाऊ नये, अग्निशामक हाताशी असावा.

लेसर फक्त काढून टाकतो, म्हणून चित्राचा दर्जा आणि धोका दोन्ही आपण आधी काय लावले यावर ठरतात. ॲक्रिलिक रात्रभर वाळू द्या. मग त्याच कापडाच्या, त्याच थरांच्या तुकड्यावर वेगवेगळ्या वेगाचे आणि शक्तीचे छोटे चौकोन कोरून पाहा. त्यातला सर्वांत स्वच्छ निघालेला चौकोन निवडा आणि मगच सरदारांना हात घाला.