भरती संपल्यावर कोण पळतं?

खेळ आणि मन : भाग ५

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की आखाडा बाळापूरसारख्या गावात दिवस अंधारातच सुरू होतो. नांदेड-हिंगोली रस्त्याच्या कडेने पोरं-पोरी पळू लागतात. एकजण मोबाइलवर वेळ लावून उभा असतो आणि शेवटच्या टप्प्यात 'सोडू नको, सोडू नको' म्हणून ओरडत असतो. मैदानी चाचणी ५० गुणांची. त्यातले २० गुण मुलांना १६०० मीटरचे, मुलींना ८०० मीटरचे. उरलेले १०० मीटर आणि गोळाफेकीचे. मग यादी लागते आणि नाव न आलेल्या कित्येकांचे बूट कोपऱ्यात जातात.

याला आळस म्हणणं अन्यायाचं आहे. १९७१ साली एडवर्ड डेसी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. एका गटाला मधल्या सत्रात प्रत्येक कोड्यामागे एक डॉलर दिला, पुढच्या सत्रात पैसे बंद केले. मधल्या मोकळ्या वेळात, आपल्याला कोणी पाहत नाही असं वाटत असताना, हा गट कोड्यांकडे पूर्वीपेक्षा कमी वळला. आधी गंमत म्हणून केलेली गोष्ट आता मोबदल्याची झाली होती.

म्हणजे बक्षीस वाईट का? तसं नाही. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळाडूंच्या अभ्यासात शिष्यवृत्तीवर खेळणाऱ्या फुटबॉलपटूंची खेळातली गोडी कमी दिसली, पण शिष्यवृत्ती मिळालेल्या कुस्तीगिरांची जास्त. फुटबॉलमध्ये शिष्यवृत्ती सर्रास मिळायची. कुस्तीत क्वचित, म्हणून ती मिळणं ही कर्तबगारीची पावती ठरली असावी. आपल्या जत्रेतला फड आठवा. लहान पोरांची कुस्ती रेवड्यांवर लागते. त्या रेवड्यांची किंमत ती काय? पण चारचौघांत पंच हात वर करतो, कोणीतरी खांद्यावर घेतं, आणि पोरगं दुसऱ्या दिवशी न सांगता तालमीत हजर होतं.

डेसी आणि रिचर्ड रायन यांनी पुढे मांडलं, की माणसाला तीन गोष्टी लागतात: हे मी माझ्या मर्जीने करतो, मला हे जमतंय, आणि माझी माणसं सोबत आहेत. पहाटेच्या त्या घोळक्यात शेवटच्या दोन गोष्टी आपोआप मिळतात. पहिलीच हरवते, कारण पळणं घरच्या परिस्थितीने गळ्यात घातलेलं असतं. नोकरीची निकड खरी आहे, तिला नावं ठेवायचा अधिकार कोणाला नाही. पण निवड न झालेल्या पोराचं मागच्या महिन्यापेक्षा कमी झालेलं टायमिंग हेही त्याने कमावलेलंच आहे, आणि ते त्याला कोणी सांगत नाही.

गावातल्या क्रीडाशिक्षकांना आणि अकादमी चालवणाऱ्यांना म्हणून एक विनंती. यादी लागल्यानंतरच्या सोमवारीही मैदानावर या. ज्यांचं नाव आलं नाही त्यांना बोलवा, प्रत्येकाची पहिल्या दिवशीची आणि आजची वेळ वहीत शेजारी-शेजारी लिहून दाखवा, आणि आज किती पळायचं ते त्यांनाच ठरवू द्या.